चार तोंडांची पट्टी

माझ्या सेवा केंद्राच्या दारावर मी एक कागद चिकटवला होता: ‘मोबाईल चार्जिंग फुकट’. त्या कागदाचा मला फार अभिमान होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं तोंड लपवायची वेळ यायला नको.

लोणी देवकरात, एमआयडीसीकडं वळणाऱ्या रस्त्यावर माझा दहा बाय बाराचा गाळा. एका अंगाला दादासो तात्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, दुसऱ्या अंगाला चहाची टपरी. माझ्याकडं कॉम्प्युटर, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, कॅमेरा आणि एक टेबलफॅन. लोक येतात ते दाखल्याला, उताऱ्याला, आधारला, आणि काही नुसते फॅनपुढं बसायला. हल्ली कुठल्याही कामाला फोनवर ओटीपी येतो, आणि तो सांगितल्याशिवाय काम पुढं सरकत नाही. वस्तीवरून येणाऱ्या माणसाचा फोन मात्र हमखास मरायला टेकलेला असतो. तिकडं लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नाही. मग ओटीपी यायचा कुठं?

म्हणून मी ऑनलाईन एक यूएसबी हब मागवला. एक वायर कॉम्प्युटरला, आणि त्याला पुढं चार तोंडं. एका तोंडात अंगठ्याचं मशीन, दुसऱ्यात कॅमेरा, उरलेली दोन गिऱ्हाइकांच्या फोनला. त्या खोक्यात आणखी एक बारीक वायर निघाली होती, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला गोल पिन. ती कशाची ते मला कळलं नाही. जादाची दिली असेल म्हणून मी ती ड्रॉवरमध्ये टाकून दिली. हबला लोक पट्टी म्हणायला लागले. ‘मनिषाताई, पट्टीत जागा हाय का?’ असं विचारतच आत यायचे. मला वाटायचं, आपण केवढी सोय केली लोकांची.

सारजाआजी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हयातीच्या दाखल्याला महिना उरला होता. वय सत्तरच्या आसपास, बारीक अंगकाठी, डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. बरोबर सून प्रतिक्षा. आजींचा नवरा इथल्याच एका कारखान्यात होता. तो गेल्यावर त्याची पेन्शन आजींना लागली. ती चालू राहायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला भरावा लागतो, म्हणजे पेन्शन घेणारं माणूस अजून जिवंत आहे असं कळवावं लागतं. समोर उभं राहून ‘मी हाय’ म्हटलेलं चालत नाही, मशीनवर अंगठा लागतो. गेल्या साली मुलानं मोटारसायकलवर इंदापूरला नेऊन तो भरला होता. यंदा मुलगा बारामती एमआयडीसीत कामाला लागलेला, आठवड्यातून एकदा घरी येणारा. त्यात माझं केंद्र जवळ, म्हणून दोघी माझ्याकडं आल्या.

‘‘फोन साफ मेलाय, ताई,’’ प्रतिक्षा म्हणाली. ‘‘बॅटरी गेलीया त्याची. चार्जिंगची वायर काढली का बंद पडतोय.’’

‘‘लाव की पट्टीला,’’ मी म्हटलं.

फोन जागा झाला, ओटीपी आला, मी तो टाकला. मग आजींचा अंगठा मशीनच्या काचेवर ठेवला. मशीनचा लाल उजेड लागला, क्षणभर थांबला, मग मंद झाला. स्क्रीनवर आलं: ‘पुन्हा प्रयत्न करा’.

पुन्हा केला. परत तेच. दुसरा अंगठा घेतला, मग बोटं घेतली. दहाच्या दहा बोटं झाली. पदरानं पुसून झाली, पाण्यानं धुवून झाली. मशीन आपलं ‘पुन्हा प्रयत्न करा’वर ठाम. मागं बाकावर चार माणसं ताटकळत बसली होती आणि माझं डोकं तापायला लागलं होतं.

मी आजींचा हात हातात घेतला आणि अंगठा उजेडाकडं धरला. कातडी राठ, कडेनं चिरा, रेषा कुठं आहेत कुठं नाहीत. डॉक्टर सांगतो तशा आवाजात मी म्हणाले, ‘‘आजी, झिजलाय तुमचा अंगठा.’’

‘‘झिजलाय?’’ त्यांनी हात मागं घेऊन स्वतः बघितला. ‘‘आगं पर रेशनच्या मशिनीवर लागतोय की. परवाच गहू आणलं.’’

‘‘रेशनचं मशीन ढिलं असतंय,’’ मी म्हणाले. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. गिऱ्हाइकाला उत्तर द्यावं लागतं, म्हणून मी दिलं.

‘‘मग गेल्या सालासारखं इंदापूरला जाऊ का?’’

‘‘तिकडं पण हेच मशीन हाय, आजी. उगं हेलपाटा कशाला? आठ दिवस व्हॅसलीन चोळा आन् या.’’

तेवढ्यात बाकावरच्या माणसांना अंगठ्याचं ज्ञान फुटलं. एकानं सांगितलं, लिंबू चोळा. दुसरा म्हणाला, खुरपं धरून धरून होतं असं, आमच्या आईचंबी झालंय. टपरीवाला चहा ठेवायला आला आणि उभ्या उभ्या सांगून गेला की पूर्वी राखेनं भांडी घासायचे त्याचा हा परिणाम. मग कुणाला आठवलं की आजींच्या घरी आधी मेंढरं होती, लोकर कातायची कामं असायची, तिथंच अंगठा गेला असणार. आजी एकेकाकडं बघत होत्या आणि मान डोलवत होत्या. आपल्या हाताबद्दल एवढ्या लोकांना एवढं माहीत आहे हे त्यांना नवीन असावं.

आठ दिवसांनी त्या आल्या. हाताला व्हॅसलीनचा वास, नखं कापलेली. प्रतिक्षानं फोन पट्टीला लावला. ओटीपी आला. अंगठा लागला नाही.

आता मात्र मी गोंधळले. त्याच दिवशी सकाळी मी सात जणांचे अंगठे घेतले होते, सातही लागले होते. माझा स्वतःचा लागत होता. कधीमधी एखाद्याला दोनदा ठेवावा लागायचा, पण ते चालायचंच. बिघडायचं ते फक्त सारजाआजी समोर बसल्या की. त्या गेल्या की मशीन शहाण्यासारखं वागायचं. मी मशीनचं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. काच मऊ फडक्यानं पुसली. हेल्पलाईनला फोन लावला, तिथला मुलगा म्हणाला कॉम्प्युटर बंद करून चालू करा. केला. चेहऱ्यावरून दाखला काढायचं अॅप आहे, तेही करून बघितलं. ते म्हणायचं डोळे मिचकावा, आणि ऑपरेशन झालेला डोळा आजींनी मिचकावला तरी त्याला तो मिचकावल्यासारखा वाटेना. आजी बिचाऱ्या फोनकडं बघून दोन्ही डोळे गच्च मिटत होत्या, उघडत होत्या. मला एकाच वेळी हसू येत होतं आणि रडू येत होतं.

मला एखादी गोष्ट कळत नसली की मला राग येतो, आणि राग आला की मी समोरच्याला कामाला लावते. हा माझा जुना स्वभाव आहे. घरातली माणसं त्याला वैतागलेली आहेत. त्या दिवशी समोर आजी होत्या.

‘‘आजी, आता नीट ऐका,’’ मी म्हणाले. ‘‘वीस दिवस हाताला काम द्यायचं न्हाय. कातडी नवी येऊ द्यायची. खुरपं न्हाय, भांडी न्हाय, उसाच्या पाचटाला हात न्हाय.’’

‘‘बरं.’’

‘‘आणखी काय करता हातानं?’’

‘‘धारा काढती. तीन शेळ्या हायती.’’

‘‘धार कशी काढता, दाखवा बरं.’’

त्यांनी हवेतच दाखवलं. अंगठा आत मुडपायचा आणि त्याच्या पाठीवर आचळ दाबायचं. आमच्याकडं सगळ्या बायका तशीच काढतात, माझी आईही तशीच काढायची.

‘‘आता सापडलं!’’ मी टेबलावर हात मारला. चोर पकडल्यासारखं वाटलं मला. ‘‘हितंच झिजतोय अंगठा. रोज दोन येळा, इतकी वर्षं! धार एकदम बंद.’’

अंगठ्याच्या पाठीवर आचळ दाबलं तर पुढची बाजू कशी झिजेल, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. तो मला आत्ता, हे लिहिताना पडतोय. आजींनाही तो पडला असेल का कोण जाणे. त्यांनी प्रतिक्षाकडं बघितलं. प्रतिक्षा म्हणाली, ‘‘मला जवळ येऊ देत न्हाईत शेळ्या, आत्या. चंद्री तर मुळीच न्हाय.’’ आजी म्हणाल्या, ‘‘बघू काय तरी,’’ आणि दोघी उठून गेल्या.

वीस दिवसांनी परत आल्या तेव्हा मुदतीला दोन दिवस राहिले होते. दाखला नाही झाला तर पुढच्या महिन्यापासून पेन्शन थांबणार, आणि थांबलेली पेन्शन पुन्हा चालू करायला किती खेटे घालावे लागतात ते मी रोज बघते. आजींनी दोन्ही हात पदरात गुंडाळून आणले होते. बाकावर बसल्यावर त्यांनी ते बाहेर काढून माझ्यापुढं धरले. खोबरेल तेलानं चमकत होते. चिरा बुजल्या होत्या, कातडी मऊ पडली होती.

‘‘बघ,’’ त्या हसून म्हणाल्या. ‘‘नवरीचं हात झाल्यात. आता लागतोय का न्हाय बघ.’’

‘‘धार कोण काढतंय मग?’’ मी सहज विचारलं.

‘‘कुणाची धार? शेळ्या इकल्या.’’

‘‘विकल्या?’’

‘‘मग काय करती? सुनंला काढू देईनात. दोन दिस तशाच राहिल्या, कासा तट्ट फुगल्या, वरडायला लागल्या. मग लेक सुट्टीला आलता, त्येच्यासंगं इंदापूरच्या बाजारात धाडल्या. बारामतीकडचा कुणी टेम्पोवाला घिऊन गेला तिन्ही.’’ हे सांगताना त्यांचा आवाज अगदी सरळ होता. ‘‘असू दे. दाखला म्हत्त्वाचा.’’

मी अंगठ्याचं मशीन पुढं ओढलं. मनात म्हटलं, आता अंगठा लागला की झालं, केल्याचं सार्थक होईल. प्रतिक्षानं फोन पट्टीला लावला. ओटीपी आला. आजींनी एवढा जपलेला तो अंगठा काचेवर ठेवला.

लाल उजेड लागला आणि मंद झाला. ‘पुन्हा प्रयत्न करा’.

दुसरा ठेवला, तरी तेच. मी त्यांचं एकेक बोट धरून काचेवर दाबत गेले. दहावं बोट झाल्यावर आजींनी हात मांडीवर ठेवले. माझ्याकडं न बघता त्या मशीनकडं बघून म्हणाल्या, ‘‘मंग मी हाय का न्हाय, सांग की एकदाचं.’’

प्रतिक्षाच्या डोळ्यात पाणी आलं. मी मात्र भडकले, मशीनवर, सरकारवर, हेल्पलाईनच्या मुलावर, सगळ्यांवर. टेबलावर अशी थाप मारली की कॅमेरा आडवा पडला. तेवढ्यात दादासो तात्या बिलाची झेरॉक्स काढायला आत आले. साठीचा माणूस, हाताला कायम वार्निशचा वास, अख्ख्या भागातल्या जळालेल्या मोटरी त्यांच्या हातून परत पाण्यावर गेलेल्या. ते दारातच थांबले.

‘‘अगं, हळू. काय झालं?’’

‘‘आजींचा अंगठा घेत न्हाय, तात्या. पुन्हा बघा,’’ म्हणून मी आजींचा अंगठा परत काचेवर ठेवला. उजेड लागला, मंद झाला.

तात्यांनी डोळे बारीक केले. ‘‘हितं कोण मोटर चालू करतंय?’’

‘‘कसली मोटर?’’

‘‘लाईट दबली की आत्ता. तुला दिसली न्हाय?’’ ते जवळ आले. ‘‘शेजाऱ्यानं पाच एचपीची मोटर सोडली की आपल्या घरातला बल्ब पिवळा पडतोय का न्हाय? तसं झालं हे. ह्याच्या शेजारी कुणीतरी लई ओढतंय.’’

‘‘तात्या, हे कॉम्प्युटरचं हाय. ह्यात मोटर नसती.’’

‘‘मला कॉम्प्युटरमधलं काय कळत न्हाय. दबलेली लाईट कळती.’’ त्यांनी वाकून पट्टी बघितली. एकेका वायरीवरून बोट फिरवत गेले. हे मशीन, हा कॅमेरा, आणि हा फोन. ‘‘हा कुणाचा?’’

‘‘आमचा,’’ प्रतिक्षा म्हणाली.

तात्यांनी सरळ फोनची वायर उपसली. फोन जागच्या जागी बंद पडला. मी ओरडणार होते, ओटीपीचं काम अर्धवट राहिलं म्हणून, पण माझं लक्ष मशीनकडं गेलं. लाल उजेड लख्ख झाला होता. तात्यांनी वायर परत लावली. फोन थरथरून जागा झाला आणि उजेड मलूल पडला. त्यांनी परत काढली, उजेड लख्ख.

‘‘ही घ्या तुमची मोटर,’’ तात्या म्हणाले.

मी खुर्चीत बसले. महिनाभर मी अंगठा बघत होते, आणि फोन माझ्या डोळ्यांसमोर होता. कॉम्प्युटरच्या एका भोकातून येतो तेवढाच करंट, त्यात तिघं-चौघं जेवायला बसलेली. इतरांचे फोन अर्धेमुर्धे भरलेले असायचे, ते थोडं घ्यायचे, म्हणून कधीमधी दोनदा अंगठा ठेवून भागायचं. आजींचा फोन दर वेळी पार कोरडा यायचा आणि सगळं पिऊन टाकायचा. फोनही त्या दर वेळी आणायच्या, कारण ओटीपीला तो लागायचाच. म्हणून आजी आल्या की मशीन आजारी, आजी गेल्या की बरं.

आणि फोन पट्टीला लावा असं दर वेळी मीच सांगत होते.

घाईत काहीतरी करून टाकायचं, हा माझा दुसरा जुना स्वभाव. पट्टीच्या बाजूला एक गोल भोक होतं, ते मला आता आठवलं. म्हणजे हिला बाहेरून लाईट देता येते! घरच्या डिशचा जुना अॅडॅप्टर कपाटात पडला होता. मी तो काढला, पिन भोकाजवळ नेली. पिन अलगद बसली. अॅडॅप्टर बोर्डात लावायला फॅनच्या पिनेकडं हात नेला तर तात्यांनी माझं मनगट धरलं.

‘‘थांब की!’’

‘‘पिन बसतीय की, तात्या.’’

‘‘पिन बसली म्हणून लगेच लगीन लावतीस का? आधी कोण कुणाचा ते तरी वाच.’’ त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, अॅडॅप्टर उलटा केला. ‘‘हे बारा व्होल्टचं हाय. आन् तुझ्या पट्टीवर भोकाखाली बघ काय लिवलंय.’’

इतके महिने पट्टी माझ्या टेबलावर होती, ती अक्षरं मी आज वाचली. पाच व्होल्ट.

‘‘पाचाला बारा दिलं असतंस तर धूर निघाला असता. पट्टी गेली असती, वर तुझं अंगठ्याचं मशीनबी गेलं असतं. मग दोन दिसात दाखला कुठून आणला असतास?’’

मी तो अॅडॅप्टर परत कपाटात टाकला. मग मला ड्रॉवरमधली ती जादाची वायर आठवली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला हीच गोल पिन. म्हणजे ती जादाची नव्हतीच, ती पट्टीला भिंतीवरच्या चार्जरवरून लाईट द्यायची वायर होती. तात्यांनी खिशातून स्वतःच्या फोनचा नवा चार्जर काढला, डोळ्यांजवळ नेला आणि कपाळाला आठ्या घातल्या. ‘‘पाच, नऊ, अकरा... ह्यावर तर तीन तीन व्होल्ट लिवल्यात. ह्यो कवा कुठलं सोडतोय?’’

‘‘तो म्हणं फोनला विचारून ठरवतो,’’ मी कुठंतरी ऐकलेलं सांगितलं.

‘‘आन् पट्टीला इचारंल का? सांगता येतं का तुला?’’

‘‘न्हाय,’’ मी म्हणाले.

‘‘मग ऱ्हाऊ दे. जे मला नीट कळत न्हाय ते मी जोडत न्हाय.’’ त्यांनी तो परत खिशात घातला. ‘‘साधा न्हाय का एखादा?’’

माझ्या पहिल्या फोनचा चार्जर होता. त्यावर एकच आकडा: पाच व्होल्ट, दोन अँपिअर. आता मी शहाणी झाले होते, सगळं वाचायला लागले होते. अंगठ्याच्या मशीनच्या पाठीमागं अर्धा अँपिअर लिहिलं होतं. मी घाबरले. ‘‘तात्या, मशीनला अर्धा पायजे आन् ह्यो दोन देतोय. चौपट करंट घुसला तर जळंल की!’’

‘‘रस्त्याच्या कडंची डीपी केवढी हाय?’’ त्यांनी मला विचारलं. डीपी म्हणजे आमच्याकडं खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. ‘‘सगळ्या वस्तीला पुरती तेवढी. त्याच डीपीवर तुझ्या घरातला नऊ वॅटचा बल्ब हाय. जळतोय का? त्याला लागतंय तेवढंच तो घेतो. पर त्याच बल्बाला चारशे चाळीस व्होल्ट दिलं तर?’’

‘‘फुटंल.’’

‘‘मग? व्होल्ट जुळलं पायजेत. अँपिअर जास्त असलं तर असू दे, कमी पडलं का मग हे असं व्हतं, सगळी अर्धपोटी.’’

‘‘मग फोनच काढून भिंतीला लावू का?’’

‘‘आज एक फोन आलाय, उद्या चार येतील. दारावर पाटी लावलीयस ना? पट्टीलाच नीट जेवाण दे. आन् बॅटरी फुगलेला, तापलेला फोन आला तर त्याला कुठंच लावू नको.’’

बोर्डावर एकच जागा मोकळी होऊ शकत होती, टेबलफॅनची. मी फॅन काढला, चार्जर लावला, जादाच्या म्हणून टाकलेल्या वायरीची पिन पट्टीत बसवली आणि मग श्वास धरून बटण दाबलं. धूर निघाला नाही. तात्यांनी चार्जरवर हात ठेवून तो तापतोय का बघितलं. प्रतिक्षानं फोन लावला. मशीनचा उजेड हलला नाही, लख्खच राहिला. मी नवीन ओटीपी मागवला.

आजी हे सगळं बाकावरून बघत होत्या. आमच्यात काय चाललंय ते त्यांना कळलं असेल असं वाटत नाही. मी त्यांना पुढं बोलावलं. त्यांनी पदराला तेल पुसलं आणि अंगठा ठेवला.

पहिल्याच झटक्यात हिरवी खूण आली. त्यांचं नाव, नवऱ्याचं नाव, आणि खाली ‘प्रमाणपत्र तयार झाले आहे’. प्रिंटर खडखडला. प्रतिक्षानं टाळ्या वाजवल्या, टपरीवाला डोकावून गेला, मी हसत होते आणि डोळे पुसत होते. कागद मी आजींच्या हातात दिला.

‘‘लागला?’’

‘‘लागला, आजी.’’

त्यांनी तो कागद उलटा धरला, सुलटा धरला, मग नीट घडी घालून पिशवीत ठेवला. तोंडभर हसल्या. ‘‘बघ पोरी. शेळ्या इकल्या पर गुण आला.’’

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मग झेरॉक्सचा कागद तसाच टेबलावर ठेवून आपल्या दुकानाकडं निघून गेले.

‘‘तू म्हणालीस ते खरं झालं,’’ आजी पुढं म्हणाल्या. ‘‘लेक म्हणत हुता, दाखला झाला की एखादी शेळीची पाठ आणू. मी आता न्हाय म्हणून सांगती. दरसाल दाखला लागणार, दरसाल अंगठा लागणार. आता ह्या हातानं धार काढायची न्हाय.’’

खरं सांगते, गप्प बसावंसं वाटलं. त्या खूश होत्या. दाखला झाला होता. फोनमुळं झालं की अंगठ्यामुळं, हे कळून त्यांना काय मिळणार होतं? माझं मात्र नाव जाणार होतं, त्यांच्यापुढं आणि पुढं सगळ्या वस्तीत. पण त्या आता आयुष्यभर शेळीला हात लावणार नव्हत्या, कशासाठी, तर माझ्या टेबलावरच्या एका पट्टीसाठी. ते मला गिळता येईना.

‘‘आजी, बसा जरा,’’ मी म्हणाले. ‘‘तुमचा अंगठा चांगला हाय. पहिल्या दिवशी पण चांगलाच हुता.’’

‘‘आँ?’’

‘‘ह्या पट्टीत करंट कमी पडत हुता. फोन सगळा ओढून घ्यायचा, मशीन उपाशी राहायचं. तुमी शेळ्या इकल्या नसत्या तरी आज अंगठा लागला असता.’’

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग पट्टीकडं, मग फोनकडं, मग परत माझ्याकडं. मी परत एकदा सांगितलं, सावकाश. मोटर आणि बल्बाचं सांगितलं, डीपीचं सांगितलं. त्या ऐकत होत्या.

‘‘म्हंजी वायरीत खोट हुती.’’

‘‘व्हय.’’

‘‘हातात न्हवती.’’

‘‘न्हाय, आजी.’’

फॅन बंद होता, त्यामुळं गाळ्यात उकडायला लागलं होतं. आजींनी दोन्ही हात समोर धरून पुन्हा बघितले, आधी तळवे, मग पाठ.

‘‘मग तू माझं बोट धरून म्हणालीस, आजी, झिजलाय,’’ त्या म्हणाल्या. रागानं म्हणाल्या नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं. ‘‘ते मशिनीत आलं हुतं का?’’

‘‘न्हाय.’’

‘‘मशिनीत काय आलं हुतं?’’

‘‘पुन्हा प्रयत्न करा, एवढंच.’’

‘‘मग झिजलाय कुणी सांगितलं तुला?’’

‘‘कुणी न्हाय,’’ मी म्हणाले. ‘‘मीच म्हणाले. तुमचा हात बघून.’’

मी म्हणाले, मी बाजारात चौकशी करते, तुमच्या लेकाला विचारते, त्या टेम्पोवाल्याला शोधून काढते. आजींनी मान हलवली. बारामतीकडचा कुणीतरी म्हणजे कोण, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्या उठल्या, पिशवी काखेत घेतली. प्रतिक्षानं फोन पट्टीतून काढला, तो लगेच बंद पडला.

दारात आजी थांबल्या.

‘‘चंद्री माझ्याबगर कुणाला कासंला हात लावू देत न्हवती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तितं कोण पिळत आसंल तिला?’’

त्या उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.